पडदे पाहून गाडी घेतोस?

बयाणा देऊन मोकळा झालास आणि आता विचारतोस, "सर, गाडी कशी वाटते जी?" हे विचारायचं होतं ते पैसे खिशात असताना. 20 हजार रोख, पावती नाही, साधा चिटोरा नाही, आणि हातात काय, तर मोबाइलमधले फोटो! बस इथे. चहा नंतर.

फोटो मी सगळे पाहिले. पलंग आहे. पलंगाखालचे खण आहेत. जांभळे पडदे, स्टीलचं सिंक, छताला चिकटवलेली निळ्या लाइटची पट्टी, सगळं आहे. एका फोटोत तर तू स्वतःच पलंगावर पाय पसरून बसला आहेस, चेहऱ्यावर मालकाचा रुबाब. इंजिनाचा एकही फोटो नाही. गाडीच्या पोटाखालचा नाही. चासी नंबरचा नाही. टायर एका फोटोत दिसतो, तोही पायरीचा फोटो काढताना चुकून आलेला. दोन वर्षं मोटर मेकॅनिकच्या वर्गात माझ्यासमोर बसलास, ग्रीसने माखलेले हात प्रॅक्टिकलच्या वहीला पुसलेस, आणि साडेचार लाखांचा सौदा करताना पाहिलंस काय, तर पडदे. अरे, पडदे गोंदियाच्या बाजारात हजार रुपयांत मिळतात.

तुझे बाबा धान विकायला नेतात तेव्हा व्यापारी काय करतो? पोत्यात टोचणी खुपसून पोटातला दाणा बाहेर काढतो, तळहातावर चोळतो, दाताखाली फोडतो, मग भाव बोलतो. त्या घरातला पोरगा तू. वरच्या दाण्यावर भाव करून आलास.

पलंग, सिंक, खण हे अलीकडचं सुतारकाम आहे, प्लायचा कोरेपणा फोटोतही दिसतो. त्या सुतारकामाखाली 1998 ची टेम्पो ट्रॅव्हलर आहे. रस्त्यावर धावणार ती, घाट चढणार ती, ब्रेक लागले नाहीत तर मारणार ती. तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाहीस.

"व्हिंटेज आहे जी सर." हे कोण म्हणालं? विकणारा. आणि तू मान डोलावलीस. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले आहेत. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली, फार मोडतोड-जोडतोड न केलेली गाडी असेल तर 20 हजार रुपये फी भरून तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नोंदणी 10 वर्षांची. तशी गाडी रोजच्या वापराला काढायची नाही, धंद्याला तर नाहीच. तुझी गाडी 1998 ची. 2048 साली ये, तेव्हा बोलू. आणि तेव्हाही आत सिंक बसवलेली गाडी मूळ रूपातली धरणार नाहीत. तो शब्द त्याने भाव वाढवायला वापरला आणि तू पन्नास हजार जास्त कबूल करून आलास.

दुसरं काय म्हणाला? "मर्सिडीजचं इंजिन आहे." हे अर्धं खरं आहे म्हणून जास्त धोक्याचं. बजाज टेम्पोने, जिचं नाव 2005 मध्ये फोर्स मोटर्स झालं, ट्रॅव्हलर 1987 मध्ये आणली ती मर्सिडीजच्या व्हॅनवरून, आणि तिच्यात बसवलं मर्सिडीजच्या ओएम 616 जातीचं 2.4 लिटरचं डिझेल इंजिन, परवाना घेऊन इथेच बनवलेलं. इंजिन चिवट, यात वाद नाही. पण तेच इंजिन ट्रॅक्समध्येही होतं. ज्या ट्रॅक्सच्या मागे लटकून तू आमगावहून वर्गाला यायचास, तिलाही मर्सिडीज म्हणायचास का? एवढा फायदा मात्र धर की त्या इंजिनाचे सुटे भाग नागपुरात मिळतात आणि जुन्या मिस्त्र्यांना ते डोळे मिटून खोलता येतं. म्हणून तर इंजिनाची मला कमी काळजी आहे. काळजी बाकीच्याची.

कागदांपासून सुरू करू, कारण तू कागदांवर शेवटी येणार होतास.

पाटी दाखव तो फोटो. सीजी-04. म्हणजे रायपूर. आणि गाडी म्हणे 1998 ची. 1998 साली छत्तीसगड राज्य कुठे होतं रे? 1 नोव्हेंबर 2000 ला ते मध्य प्रदेशातून वेगळं झालं. मग 1998 च्या गाडीला सीजीचा नंबर पडला कसा? एक तर नंतर नव्याने नोंदणी झाली, ती का झाली ते कळायला हवं. नाही तर साल खोटं. नाही तर पाटी खोटी. तीनपैकी कोणतंही असो, बयाणा देण्याआधी विचारायचा प्रश्न होता. छत्तीसगडची हद्द आपल्या देवरीपासून हाकेच्या अंतरावर, आणि हे साधं गणित तुला सुचलं नाही.

आता पाटीचा डावा कोपरा मोठा करून पाहा. पांढरा रंग टवका पडून उडाला आहे, आणि खाली काय? पिवळा. ही गाडी भाड्याची होती. पांढरी पाटी ब्रशने रंगवून होत नसते. परिवहन वर्गातली गाडी खासगी करायची तर आरटीओत तसा अर्ज लागतो, परमिट परत करावं लागतं, कराचा फरक भरावा लागतो. शिवाय 1 एप्रिल 2019 आधीच्या गाड्यांनाही आता एचएसआरपी पाटी सक्तीची आहे, ही तर हाताने रंगवलेली. ज्या माणसाने पाटीलाच रंग फासला, त्याने पत्र्याला काय काय फासलं असेल?

आरसीचा फोटो तू धूसर काढलास, का त्याने मुद्दाम लांबून दाखवला? खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण. 1998 ची गाडी 2013 ला एकदा, 2018 ला दुसऱ्यांदा, 2023 ला तिसऱ्यांदा आरटीओच्या मैदानात उभी राहिलेली असली पाहिजे. भाड्याची असेल तर फिटनेस जवळजवळ दरवर्षी. यातलं एकही शिक्कामोर्तब नसेल तर तू गाडी घेत नाहीस, भंगार घेतोस, आणि भंगाराचा भाव किलोवर असतो.

परिवहनच्या ॲपवर नंबर टाकायला किती वेळ लागतो? चहा गार व्हायच्या आत सगळं दिसतं. वर्ग कोणता, आसनं किती, विमा कधी संपला, कर कुठवर भरला, बँकेचा बोजा आहे का. बोजा असेल तर फॉर्म 35 आणि बँकेचा दाखला लागतो, मालकाच्या तोंडी "ते फिटलं आहे" ला काही किंमत नाही. परराज्यातली गाडी म्हणजे रायपूरच्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, फॉर्म 28. मग फॉर्म 29, फॉर्म 30. मग इथला कर नव्याने, वर पर्यावरण कर. आणि 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली तर तिथे नवी नोंदणी घ्यावी लागते. हा माणूस तीन वर्षं देवरीत ही गाडी सीजीच्या पाटीवर फिरवतो आहे, असं तूच अभिमानाने सांगितलंस. त्याचा घोळ तुझ्या डोक्यावर येणार.

आणि सगळ्यात मोठं. आरसीवर आसनं 13 लिहिली आहेत, असं मला धूसर फोटोतही वाचता येतं. आत आसनं किती? दोन आणि एक पलंग. बाकीची काढून टाकली. मोटर वाहन कायद्याचं कलम 52 मी तुम्हाला फळ्यावर लिहून दिलं होतं; तेव्हा तू मागच्या बाकावर पेंगत होतास. उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाही, आणि जो बदल चालतो तो आरटीओच्या मंजुरीने, आरसीवर नोंद होऊन. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठणकावून सांगितलं. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा प्रकार कायद्याला माहीत आहे, मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-124 नावाचं वेगळं मानकही आहे. म्हणजे रस्ता बंद नाही. पण देवरीच्या सुताराने प्लाय ठोकलं म्हणून ट्रॅव्हलर कॅरॅव्हॅन होत नाही. उद्या अपघात झाला, विमा कंपनीचा माणूस आला, आणि त्याने आरसीवरची 13 आसनं आणि आतला पलंग पाहिला, की तो हसत हसत फाइल बंद करेल. भरपाई तू देशील, दोन एकर विकून.

कागद झाले. आता लोखंड.

तू म्हणतोस की ही गाडी मधली काही वर्षं वडशाच्या एका नाटक मंडळीकडे होती. यावर तर तू खूश झालास, "कलाकार बसलेली गाडी आहे सर." झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम तुला ठाऊक आहे. दिवाळीच्या मंडईपासून होळीपर्यंत रोज रात्री नवं गाव. कलाकार, हार्मोनियम, पेट्या, कधी पडद्याच्या गुंडाळ्याही आतच. धानाच्या बांधीतून काढलेला रस्ता, रात्रभर प्रयोग, पहाटे परत. मागचे पाटे किती वेळा तुटून बदलले असतील याचा हिशेब मंडळीच्या मालकालाही नसेल. पण तेही मी सोसलं असतं. चालती गाडी एका परीने जिवंत असते. खरा घात होळीनंतर. सात महिने गाडी झाडाखाली उभी. मे महिन्यात 45 अंशांवर तापून रबरं कडक होणार, जूनपासून आपला पाऊस. डिझेलच्या टाकीत ओल धरून गंज, ब्रेकचे सिलिंडर जाम, एकाच जागी दबून टायर बसके, आणि बोनेटखाली उंदरांचा संसार. उंदराने वायर कुरतडली की ती दिसत नाही. एखाद्या रात्री सडक अर्जुनीच्या पुढे जंगलात लाइट जातात तेव्हा दिसते. म्हणजे तेव्हा काहीच दिसत नाही!

पत्रा कसा पाहायचा, सांग बरं. गप्प. चुंबक घ्यायचं, पातळ फडक्यात गुंडाळायचं, म्हणजे रंगाला ओरखडा नको, आणि चाकांच्या कमानी, दाराच्या खालच्या कडा, पायरी, काचेच्या रबराभोवती हळूहळू फिरवायचं. जिथे लोखंड आहे तिथे ते ओढ घेतं. जिथे पुट्टी भरली आहे तिथे मेल्यासारखं सरकतं. हाताला कळतं ते, डोळ्याला नाही. नवा रंग डोळ्यालाच फसवायला दिलेला असतो. मग जमिनीवर पोतं टाकायचं, पाठीवर झोपायचं, टॉर्च घ्यायची आणि खालून सांगाडा पाहायचा. पॅन्ट मळेल. मळू दे. खाली सगळीकडे ताजा काळा रंग दिसला की समजायचं, कोणीतरी तुझ्या येण्याची तयारी केली आहे. पेचकसाचं टोक दाबून पाहा. चांगलं लोखंड टणक वाजतं, सडलेलं पापडासारखं आत जातं आणि लाल भुगा तुझ्या तोंडावर पडतो. पाटे जिथे सांगाड्याला धरलेले असतात त्या जागा आधी. तिथे वेल्डिंगची नवी ठिगळं दिसली तर उठ, पॅन्ट झटक आणि घरी ये.

चासी नंबर पाहिला नाहीस. कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि छाप घ्यायची, हे मी तुमच्यातल्या प्रत्येकाकडून करून घेतलं होतं. आकडे एका रेषेत, एका खोलीचे, आजूबाजूला घासकाम नाही, आणि आरसीशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. छाप खिशात घेऊनच आरटीओत जायचं.

आता छत. छताला भोक पाडून पंखा बसवला आहे, तो फोटो तू मोठ्या कौतुकाने दाखवलास. पत्र्याला पाडलेलं प्रत्येक भोक पावसाचं दार आहे, आणि आपल्याकडे पाऊस दारावर टकटक करून येत नाही. पंख्याभोवतीच्या प्लायला पिवळसर डाग आहे. तो चहाचा नाही. पलंगाची गादी उचलून कोपऱ्यात नाक घातलं होतंस? कुबट वास लपवायला त्याने आत अगरबत्ती लावली होती, हेही तूच सांगितलंस, "गाडीत एकदम प्रसन्न वाटते." पाण्याची नळी घ्यायची, छतावर अर्धा तास पाणी सोडायचं आणि आत बसून राहायचं. विकणारा तयार होत नसेल तर उत्तर तिथेच मिळालं. परदेशातसुद्धा जुनं मोटरहोम घेणारा शहाणा माणूस ओल मोजायचं यंत्र घेऊन भिंतींना टेकवत फिरतो. तुझ्याकडे यंत्र नाही, बोटांची पेरं आहेत; प्लायवर ठोकून पाहा, कोरडं प्लाय खणखणीत बोलतं, भिजलेलं मुकं असतं.

पुराचंही विचार. 2020 साली ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेने भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत काय केलं, ते तू पाहिलं आहेस. त्या पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून अजून हात बदलत असतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढायचा, शेवटच्या वीतभरात चिखलाची रेघ असते. डॅशबोर्डच्या मागे बोट घालायचं. वाळलेली गाळाची पूड बोटाला लागली की बास.

टायर "नवे आहेत" म्हणालास. नक्षी खोल आहे म्हणून नवे? टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. 2316 असेल तर तो 2016 सालच्या 23 व्या आठवड्यातला टायर आहे. उभ्या गाडीचा टायर झिजत नाही, तडकतो. तडा असलेल्या टायरवर मे महिन्यात नागपूर गाठायचं म्हणतोस?

इंजिन तू चालू करून पाहिलंस म्हणे, "एका सेल्फमध्ये लागली." तू पोहोचायच्या आधी अर्धा तास त्याने ती चालू ठेवली असणार! जुन्या डिझेलची परीक्षा गार इंजिनावर. सकाळी सहाला जा, न सांगता जा, आधी बोनेट उघडून इंजिनावर हात ठेव. कोमट लागलं तर परत फिर आणि दुसऱ्या दिवशी ये. गार असेल तर हीटर प्लग तापू दे आणि मग सेल्फ मार. किती वेळ घेते, धूर कोणता येतो ते बघ. सुरुवातीचा पांढरा धूर थोड्या वेळात विरला तर ठीक. निळा म्हणजे ऑइल जळतं. काळा धूर थांबतच नसेल तर पंप-नोझल. मग इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढ; तिथून भकाभका वाफ आली, झाकण नाचायला लागलं, तर ती गाडी बॅक कॉम्प्रेशन मारते आहे, म्हणजे रिंगा गेल्या. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग किंवा डिपस्टिकला दुधाळ ऑइल असेल तर हेड गॅस्केट. हे सगळं तुला येतं. परीक्षेत बरोबर लिहिलं होतंस, मीच गुण दिले होते. आता मला ते गुण परत घ्यावेसे वाटतात.

वजनाचा तर तू विचारच केला नाहीस. 19 मिलिमीटरच्या प्लायचा एक पूर्ण ताव साधारण 34 किलोचा. आत किती ताव लागले? इन्व्हर्टरची एक मोठी बॅटरी 50-60 किलो, त्या दोन. छतावर पाण्याची टाकी 200 लिटरची, म्हणजे 200 किलो डोक्यावर, आणि वळणावर ते पाणी हलतं तेव्हा गाडीही त्याच्याबरोबर झुकते. वर गॅस, भांडी, गाद्या, आणि चार माणसं. आपल्या जिल्ह्यात एक गोष्ट मुबलक आहे, ती म्हणजे राइस मिल, आणि मिलच्या जवळ काटा असतोच. टाकी भरून, सिलिंडर ठेवून गाडी काट्यावर चढव. आधी पूर्ण, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची. तीन चिठ्ठ्या घे आणि आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडून बघ. शंभर-दोनशे रुपयांचं काम. धानाचा एक ट्रक कोणी काट्यावर न चढवता घेत नाही या गावात, आणि तू घर विकत घेतोस चाकांवरचं, डोळ्यांच्या अंदाजाने.

आता जे बोलणार आहे ते कान उघडे ठेवून ऐक, कारण इथवरचं नुकसान पैशाचं होतं.

त्या फोटोत सिंकच्या खाली घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर आहे. शेजारी इन्व्हर्टर. मध्ये फक्त पडदा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर जात नाही, खाली साचतो, फरशीवर, पलंगाच्या खाली, जिथे बॅटरी आहे. गॅस ठेवायच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी लागते. दिसते का तुला कुठे? मला नाही दिसली. ॲसिडची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिलाही वाट लागते. तीही नाही. भिंतींच्या आत उन्हापासून बचाव म्हणून त्याने काय भरलं, तर थर्माकोल. थर्माकोल कसा पेटतो ते तुला माहीत आहे, वितळत, ठिबकत, काळा धूर ओकत. त्याच थर्माकोलमधून वायर नेल्या आहेत, आणि बॅटरीजवळ फ्यूज असल्याचं फोटोत कुठे दिसत नाही. आणि मागचं दार? पलंगाने बंद केलं. संकटकाळी बाहेर पडायची खिडकी? त्यावर कपाट. म्हणजे चार माणसं आत झोपणार, बाहेर पडायला एकच दार, आणि त्या दाराच्या तोंडाशी शेगडी.

तू म्हणालास, आई-बाबांना माघ पौर्णिमेला कचारगडला घेऊन जाणार. तिथे थंडी असते. विदर्भात थंडीचा नीचांक गोंदियाचाच असतो बऱ्याचदा. बाबांना थंडी वाजली की तू आत कोळशाची शेगडी पेटवशील, खिडक्या लावून घेशील. कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही, खोकलाही येत नाही. सकाळी दार कोण उघडणार?

रागावलास का? रागाव. पण आधी हे कर: गाडी घ्यायचीच असेल तर हे सगळं उखडून टाकायचं असं धरूनच भाव कर. सुतारकामाची किंमत शून्य. उखडायची मजुरी वजा. गॅसचा कप्पा वेगळा, बाहेरून बंद होणारा, तळाला जाळीचा. 5 किलोचा छोटा सिलिंडर पुरतो. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी, दर प्रवासाआधी. बॅटरीच्या वीतभर अंतरात फ्यूज. मागचं दार मोकळं. गाडी चालू असताना पलंगावर कोणी बसायचं नाही, ज्याला पट्टा त्यालाच जागा.

धंद्याचं तुझं गणित ऐकलं. नागझिऱ्याला पर्यटक, नवेगावबांधला पर्यटक, हाजरा फॉलला पर्यटक, बोदलकसाच्या तळ्याकाठी पर्यटक, आणि सगळे तुझ्या गाडीत झोपणार. महाराष्ट्राचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं, ते तू वाचलंस का? नाही. बातमीचा मथळा वाचलास. भाड्याने द्यायची तर ती खासगी राहत नाही, पुन्हा परमिट, पुन्हा फिटनेस, पुन्हा वेगळा विमा. आणि व्याघ्र प्रकल्पाच्या गेटाजवळ रस्त्याच्या कडेला गाडी लावून रात्र काढायची म्हणतोस? वनखात्याचा माणूस यायच्या आधी अस्वल येईल. आधी गाडी, मग बायको-पोरांसह वर्षभर स्वतः वापर, मग धंद्याचं बोल.

चालवून पाहिलीस ती कुठे? देवरीपासून महामार्गावर, सरळ, चौपदरी. अशा रस्त्यावर बैलगाडीही मक्खन चालते. त्याला म्हण, मासुलकसा घाटात घेऊ. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ओढते का, तापमानाचा काटा लाल पट्टीकडे जातो का ते बघ. उतारावर पाय काढून घे आणि गिअर आपोआप सुटतो का ते बघ. मोकळ्या जागेत जोराने ब्रेक दाब, स्टिअरिंग हलकं धरून. एकीकडे ओढली तर त्या बाजूचा ब्रेक जास्त धरतो किंवा दुसऱ्या बाजूचा नीट धरत नाही. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाब, पाय दाबून धर आणि मग चालू कर. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर जिवंत. पुढची चाकं जॅकवर घेऊन वर-खाली, डावी-उजवीकडे हलव. खडखडलं तर लिहून घे. प्रत्येक गोष्ट वहीत लिहायची, समोर रक्कम लिहायची, आणि ती वही विकणाऱ्याच्या समोर उघडायची. त्याच्याशी वाद घालायचा नाही. बेरीज वाचून दाखवायची.

20 हजारांचं काय, ते विचारतोस? आज संध्याकाळी त्याला फोन कर आणि बयाण्याची पावती माग, गाडीचा नंबर, चासी नंबर, रक्कम, आणि कागद जुळले नाहीत तर पैसे परत, एवढं लिहून. व्हॉट्सॲपवर लिहून दिलं तरी चालेल, पण लिहून. देईल तर माणूस बरा. टाळाटाळ केली तर 20 हजारांवर पाणी सोड, उरलेले 4 लाख 30 हजार वाचले म्हणून पेढे वाट.

आणि मेकॅनिक तुझा न्यायचा. त्याच्या ओळखीचा नाही, देवरीतला नाही, ज्याने ही गाडी कधी दुरुस्त केली तो तर नाहीच. तुझ्याच बॅचचा तो कोहमाऱ्याला गॅरेज टाकलेला पोरगा, वर्गात तुझ्यापेक्षा कमी बोलायचा आणि जास्त ऐकायचा, त्याला घे. दिवसाची मजुरी निघायच्या आधी त्याच्या हातात ठेव, आणि तेव्हाच सांगून टाक की गाडी घेतली काय, न घेतली काय, वर एक रुपयाही मिळणार नाही. सकाळी सहाला पोहोचायचं म्हणजे इथून साडेचारला निघावं लागेल. चुंबक माझ्याकडे आहे, तिकडच्या फळीवर, लाल डब्यात. परत आणून दे.